पहिल्या दहा मिनिटांचे धोरण

अमली पदार्थांच्या अतिमात्रेने होणारे मृत्यू रोखण्याचे साधन आपल्याकडे आहे. ते योग्य हातांत मात्र नाही.

रात्री उशिरा घरी आलेला तरुण मुलगा न जेवताच खाटेवर आडवा होतो. थोड्या वेळाने त्याच्या घोरण्याचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येऊ लागतो. कित्येक रात्री तळमळत काढलेल्या मुलाला आज गाढ झोप लागली, म्हणून आईला हायसे वाटते. ती त्याच्या अंगावर पांघरूण घालते आणि दिवा मालवते. सकाळी चहा घेऊन ती त्याला उठवायला जाते, तेव्हा त्याचे ओठ निळे पडलेले असतात आणि अंग थंड झालेले असते.

ही हकिगत कोणा एका घराची नाही. पंजाबच्या सीमावर्ती जिल्ह्यांत, हरियाणातील सिरशात, मणिपूर आणि मिझोरमच्या डोंगराळ गावांत व्यसनोपचाराचे काम करणाऱ्यांना हा क्रम परिचित आहे. हेरॉइन किंवा तत्सम अफूजन्य पदार्थाची अतिमात्रा झाली, म्हणजे ज्याला सर्वत्र ‘ओव्हरडोस’ म्हटले जाते तो प्रसंग ओढवला, की मेंदूतील श्वसनाचे केंद्र मंदावते. श्वास उथळ होतो, दोन श्वासांतील अंतर वाढत जाते, घशातून खरखर ऐकू येऊ लागते. ऐकणाऱ्याला ते घोरणे वाटते. वास्तविक तो शरीराने दिलेला शेवटचा इशारा असतो. श्वास पुरता थांबल्यानंतर प्राणवायूविना मेंदूला कायमची इजा होण्यास चार-सहा मिनिटे पुरतात. श्वास अडखळू लागल्यापासून तो थांबेपर्यंतचा काळ कधी काही मिनिटांचा, तर कधी तास-दोन तासांचा असतो. एवढ्या अवधीत शेजारी असलेली व्यक्ती काय करते, यावर एका माणसाचे जगणे-मरणे ठरते.

अमली पदार्थांविषयीची आपली राष्ट्रीय चर्चा या खोलीपर्यंत फारशी येत नाही. ती सीमेवरील ड्रोन, बंदरांतील कंटेनर, जप्त मालाची कोटींतील किंमत आणि बड्या घरच्या मुलांच्या अटका यांच्याभोवती फिरते. हे विषय गौण आहेत असे नाही. पण माणसे मरतात ती सीमेवर किंवा बंदरात नव्हे. ती घरात, शेताच्या बांधावर, मोटारीच्या मागच्या आसनावर, सार्वजनिक शौचालयात मरतात. त्या वेळी जवळ असतात आई, भाऊ, पत्नी किंवा सोबत नशा करणारा मित्र. त्यांच्या हातात काय आहे आणि त्यांना भीती कशाची आहे, हा या लेखाचा प्रश्न आहे.

न मोजलेले मृत्यू

प्रथम आकड्यांकडे पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या वार्षिक अहवालात अमली पदार्थांच्या अतिसेवनाने झालेल्या मृत्यूंची स्वतंत्र नोंद असते. त्यानुसार २०१७ मध्ये ७४५, २०१८ मध्ये ८७५, २०१९ मध्ये ७०४ आणि २०२२ मध्ये ६८१ व्यक्ती दगावल्या. अमेरिकेत २०२२ या एका वर्षात अतिमात्रेने एक लाख सात हजारांहून अधिक मृत्यू झाले. या दोन आकड्यांची तुलना केली, तर भारतात हे संकट जवळपास नाहीच, असा निष्कर्ष निघेल. तो फसवा आहे.

दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राने केंद्रीय सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयासाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल फेब्रुवारी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. देशातील सुमारे २.०६ टक्के, म्हणजे सव्वादोन कोटींच्या आसपास लोक अफूजन्य पदार्थांचे सेवन करतात, असा त्या पाहणीचा अंदाज होता. त्यांत हेरॉइनचे प्रमाण सर्वाधिक होते. सुईने नशा टोचून घेणाऱ्यांची संख्या साडेआठ लाखांच्या घरात होती. अशा व्यक्तींमध्ये अतिमात्रेने होणाऱ्या मृत्यूंचा दर निरनिराळ्या देशांतील अभ्यासांत वर्षाला हजारी सहाच्या आसपास आढळला आहे. हा दर ढोबळमानाने भारताला लावला, तर केवळ टोचून घेणाऱ्यांमध्येच वर्षाला पाच हजारांच्या आसपास मृत्यू व्हायला हवेत. हा हिशेब म्हणजे सिद्ध आकडा नव्हे. तथापि सातशे आणि पाच हजार यांमधील अंतर इतके मोठे आहे, की भारतीयांची शरीरे वेगळी आहेत असे मानण्यापेक्षा आपली नोंद अपुरी आहे, असे मानणेच अधिक सयुक्तिक ठरते.

नोंद अपुरी का राहते, हे समजण्यासाठी पुन्हा त्याच घरात जावे लागेल. बाविशीतला मुलगा गेला, की कुटुंबापुढे दोन मार्ग असतात. पोलिसांना कळवले, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार अकस्मात मृत्यूची चौकशी होते, शवविच्छेदन होते, व्हिसेरा न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जातो आणि अहवालाची महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. मुलाचे नाव, घराचे नाव आणि ‘चिट्टा’ हा शब्द एका कागदावर येतो. दुसरा मार्ग असा, की ‘हृदयविकाराचा झटका’ आला असे सांगावे आणि सूर्यास्तापूर्वी अंत्यसंस्कार उरकावेत. धाकट्या बहिणीचे लग्न व्हायचे असते, दुसरा मुलगा परदेशी जाण्याच्या तयारीत असतो. बहुसंख्य कुटुंबे दुसरा मार्ग पत्करतात आणि त्यांना दोष देता येत नाही. व्यवस्थाही त्यांना अडवत नाही. देशात नोंद होणाऱ्या मृत्यूंपैकी ज्यांचे कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले असते, असे मृत्यू २०२१ मध्ये अवघे २३.४ टक्के होते. चारपैकी तीन मृत्यूंचे वैद्यकीय कारणच जिथे कागदावर येत नाही, तिथे अतिमात्रा कोण शोधणार?

याला एक अपवाद आहे आणि तो देशातील सर्वांत छोट्या राज्यांपैकी एकाचा आहे. मिझोरमचे उत्पादन शुल्क व अमली पदार्थ खाते १९८४ पासून अमली पदार्थांमुळे झालेल्या मृत्यूंची वर्षवार गणती ठेवत आले आहे. म्यानमारच्या सीमेवरून हेरॉइन आले, पुढे डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफिन हे वेदनाशामक असलेल्या कॅप्सूल विरघळवून टोचून घेण्याची घातक रीत पसरली, त्यातून असंख्य तरुणांचे हातपाय सडले, २०१३ मध्ये केंद्राने त्या औषधावर बंदी घातली आणि हेरॉइनने पुन्हा डोके वर काढले. हा सारा चढउतार तिथल्या समाजाला ठाऊक आहे. यंग मिझो असोसिएशनसारख्या संघटनांपासून चर्चपर्यंत सर्वांना त्याविषयी बोलता येते, याचे एक कारण म्हणजे मृत्यू मोजण्याचा शिरस्ता. जे मोजले जाते त्याचा शोक उघडपणे करता येतो, आणि ज्याचा शोक उघडपणे करता येतो त्यावर उपाय मागता येतो.

घराच्या हिशेबातली नशा

मृत्यू हे या संकटाचे टोक झाले. त्याआधीची अनेक वर्षे ते घराच्या रोजच्या हिशेबात मुरलेले असते. एम्स आणि सहयोगी संस्थेने २०१५ मध्ये पंजाबातील दहा जिल्ह्यांत केलेल्या पाहणीत राज्यात अफूजन्य पदार्थांवर अवलंबून असलेल्यांची संख्या सुमारे दोन लाख बत्तीस हजार असल्याचा अंदाज काढण्यात आला. त्यांपैकी तीनचतुर्थांशांहून अधिक जण १८ ते ३५ या वयोगटातील होते. हेरॉइन घेणारा माणूस दिवसाला सरासरी चौदाशे रुपये त्यावर खर्च करत असल्याचे आढळले. त्या काळी शेतमजुराची दिवसभराची मजुरी या रकमेच्या जेमतेम पाव हिश्शाइतकी होती.

उरलेले पैसे कुठून येतात, हे घराकडे पाहिले की समजते. प्रथम कोठारातले धान्य कमी होते. मग पितळेची भांडी, गॅसचे सिलिंडर, विहिरीवरच्या मोटारीची तांब्याची तार, नळाच्या तोट्या एकेक करून नाहीशा होऊ लागतात. आई दागिने शेजारणीकडे ठेवायला देते. पुढे शेजारीण ते ठेवून घ्यायलाही कचरते, कारण तिच्याही घरात मुलगा असतो. पत्नी माहेरी निघून जाते किंवा दुसऱ्याच्या घरी भांडी घासू लागते. सोयरीक जुळवताना ‘मुलगा किती शिकला, जमीन किती’ याच्याआधी ‘मुलगा नशा तर करत नाही ना’ हा प्रश्न विचारला जातो, आणि उत्तर खरे असेल याची खात्री कोणालाच नसते. मुलाला कॅनडाला धाडण्यासाठी जमीन गहाण ठेवणाऱ्या बापाच्या मनात चांगल्या पगाराच्या आशेइतकीच गावातल्या सुईची धास्तीही असते.

अमृतसरची मकबूलपुरा ही वस्ती ‘विधवांची वस्ती’ म्हणून देशभर ओळखली गेली, ती याच कारणाने. एकेका घरातले दोन-दोन, तीन-तीन कर्ते पुरुष गेले आणि मागे उरल्या सुना, सासवा आणि मुले. दारात बसलेली आजी नातवंडांचा अभ्यास घेते आहे, हे दृश्य तिथे कौतुकाचे नसते. मधली पिढी नाहीशी झाल्याचे ते लक्षण असते. वर उल्लेखिलेल्या पाहणीत आढळलेले व्यसनी जवळजवळ सगळेच पुरुष होते. नशा करणाऱ्या स्त्रिया नाहीत, असा त्याचा अर्थ नाही. त्या पाहणी करणाऱ्यांपर्यंतही पोचत नाहीत, एवढाच आहे. त्यांच्यासाठी निराळी उपचार केंद्रे अत्यल्प आहेत आणि लाजेची भिंत दुप्पट उंच आहे.

गावे अगदी हातावर हात ठेवून बसलेली नाहीत. २०१८ च्या उन्हाळ्यात पंजाबात तरुणांच्या मृत्यूंची मालिका घडली आणि मुलाच्या मृतदेहाशेजारी आक्रोश करणाऱ्या आयांची दृश्ये मोबाइलवरून घरोघरी पोचली. त्या जुलैच्या पहिल्या आठवड्यात ‘मरो किंवा विरोध करो’ अशी हाक देत काळा सप्ताह पाळण्यात आला. दहशतवादाच्या काळात गावोगावी चालणारा ‘ठिकरी पहारा’, म्हणजे रात्रीची आळीपाळीची गस्त, अनेक गावांनी चिट्टा विकणाऱ्यांविरुद्ध पुन्हा सुरू केली. राज्य सरकारने त्याच महिन्यात पहिल्याच गुन्ह्यासाठी विक्रेत्यांना फाशीची शिक्षा द्यावी, अशी शिफारस केंद्राकडे केली. संताप समजण्याजोगा होता. पण त्या आठवड्यातही कोठे तरी कोणी तरी घोरत होते, आणि शेजारच्याला काय करावे ते ठाऊक नव्हते.

नशा जुनी, मृत्यू नवा

पंजाबात अफू नवी नाही. शेतीच्या हंगामात भुक्की, म्हणजे अफूच्या बोंडांचा चुरा, चहासारखा उकळून घेण्याची रीत तिथे पिढ्यान्‌पिढ्या होती. राजस्थानात परवानाधारक दुकानांतून ती मिळे. दशकभरापूर्वी ती दुकाने बंद झाली. या सवयीचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिनेही माणसे परावलंबी केली. तरीही पोटात गेलेली भुक्की हळूहळू चढते आणि माणसाला थांबायला अवधी देते. शिरेत टोचलेले हेरॉइन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचते. शिवाय भुक्कीचा जोर घेणाऱ्याला अंदाजाने ठाऊक असे. चिट्ट्याच्या पुडीत काय आहे आणि किती आहे, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. तालिबान राजवटीने एप्रिल २०२२ मध्ये खसखशीच्या लागवडीवर बंदी घातल्यानंतर अफगाणिस्तानातील लागवड वर्षभरात ९५ टक्क्यांनी घटली आणि म्यानमार हा जगातील सर्वांत मोठा अफू उत्पादक देश बनला, असे संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक कार्यालयाने २०२३ मध्ये नोंदवले. जगाच्या बाजारात असे उलटफेर होतात तेव्हा गल्लीतल्या पुडीची भेसळ आणि ताकद बदलते. ती बदलल्याचे प्रथम कळते ते मृतदेहावरून.

धोक्याचे दुसरे कारण आपणच निर्माण करतो. नियमित सेवनाने शरीराची सहनशक्ती वाढते. सेवन थांबले, की ती काही आठवड्यांत घटते. तुरुंगातून सुटल्यावर किंवा सक्तीच्या ‘व्यसनमुक्ती’नंतर बाहेर आलेला तरुण पुन्हा एकदा, बऱ्याचदा एकदाच, जुन्या प्रमाणात नशा करतो आणि ती मात्रा त्याला झेपत नाही. म्हणून सुटकेनंतरचे पहिले दोन आठवडे जगभर सर्वांत जोखमीचे मानले जातात. आपल्याकडे मात्र नेमक्या त्याच दिवशी मुलाला घरी सोपवून, मिठाई वाटून, उपचार ‘पूर्ण’ झाल्याचे जाहीर केले जाते. ज्या खासगी केंद्रांत कुलूप, मारहाण आणि उपदेश यांपलीकडे औषधोपचार नसतो, तिथून बाहेर पडणारा माणूस आत जाताना होता त्याहून अधिक धोक्यात असतो, हे कुटुंबांना कोणी सांगत नाही.

याउलट जे उपचार मृत्यूपासून वाचवतात त्यांचा अनुभवही पंजाबनेच दिला आहे. ऑक्टोबर २०१७ पासून अमृतसर, तरनतारन आणि मोगा या जिल्ह्यांत बाह्यरुग्ण केंद्रांतून ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या देण्यास सुरुवात झाली आणि पुढे ही केंद्रे राज्यभर पसरून पाचशेच्या पुढे गेली. ही गोळी रोज जिभेखाली ठेवली, की तलफ आणि अंगदुखी आटोक्यात येते, सुई सुटते, माणूस कामावर जाऊ शकतो आणि अतिमात्रेचा धोका पुष्कळ कमी होतो. ‘एक नशा सोडवून दुसरी लावली’ हा आक्षेप तिथल्या गावांतही ऐकू येतो. मधुमेही रोज इन्सुलिन घेतो, त्याला आपण व्यसनी म्हणत नाही. इथेही मोजमाप हेच असावे, की माणूस जिवंत आहे का आणि आपले घर चालवतो आहे का. महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. १९८० च्या दशकात ‘गर्द’ने मुंबई-पुण्यातली घरे पोखरली होती आणि त्यातूनच १९८६ मध्ये पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांचे मुक्तांगण उभे राहिले. व्यसनी हा गुन्हेगार नसून रुग्ण आहे, ही गोष्ट मराठी समाजाला तेव्हापासून ऐकून ठाऊक आहे. एम्सच्या पाहणीत अफूजन्य पदार्थांमुळे मदतीची गरज असलेल्यांची संख्या मोठी असणाऱ्या राज्यांत महाराष्ट्राचेही नाव होते, हेही विसरता येत नाही.

शिशीतले औषध

अतिमात्रेवर उतारा आहे. त्याचे नाव नॅलॉक्सोन. मेंदूत ज्या ठिकाणी हेरॉइन चिकटते तिथून ते त्याला बाजूला सारते आणि दोन-पाच मिनिटांत थांबत आलेला श्वास पुन्हा सुरू होऊ शकतो. त्याची नशा चढत नाही, सवय लागत नाही, आणि अफूजन्य पदार्थ शरीरात नसेल तर ते दिल्याने सहसा अपाय होत नाही. त्याचा परिणाम अर्ध्या ते दीड तासात ओसरतो. म्हणून रुग्णाला नंतर इस्पितळात न्यावेच लागते. ते स्नायूत टोचता येते. परदेशांत नाकात फवारण्याच्या रूपातही मिळते. ज्यांच्यासमोर अतिमात्रेचा प्रसंग ओढवण्याचा संभव आहे अशा सर्वांना, म्हणजे नशा करणाऱ्यांना, त्यांच्या मित्रांना आणि कुटुंबीयांना, हे औषध उपलब्ध असावे आणि ते देण्याचे शिक्षण त्यांना मिळावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच केली. अमेरिकेने मार्च २०२३ मध्ये नाकातील फवारा डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास परवानगी दिली.

भारतात हे औषध अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. ते इथे बनते आणि फार महागही नाही. पण ते असते मोठ्या इस्पितळातील भूलतज्ज्ञाच्या कपाटात. घोरणाऱ्या मुलाच्या आईने त्याचे नावही ऐकलेले नसते. तालुक्याच्या ठिकाणी औषधाच्या दुकानात ते मागितले, तर चिठ्ठी मागितली जाईल आणि चिठ्ठी असली तरी औषध नसेल.

हे आपल्याकडे जमणार नाही, असे म्हणण्यापूर्वी इम्फाळकडे पाहावे. तिथे स्वतः नशेतून बाहेर पडलेल्यांनी स्थापन केलेल्या सोशल अवेअरनेस सर्व्हिस ऑर्गनायझेशनने आपल्या कार्यकर्त्यांना अतिमात्रा ओळखायला, कृत्रिम श्वास द्यायला आणि नॅलॉक्सोन टोचायला शिकवले. बोलावणे आले, की कार्यकर्ता पोलिसांच्या किंवा डॉक्टरांच्याही आधी पोचतो, कारण तो त्याच गल्लीत राहतो आणि घरच्यांना त्याची भीती वाटत नाही. देशातील सर्वांत अशांत राज्यांपैकी एकात हे शक्य झाले. तेव्हा अडचण साधनांची आहे, हे कारण टिकत नाही.

पळून जाणारा मित्र

खरी अडचण भीतीची आहे. अतिमात्रेच्या वेळी सर्वांत जवळ असतो तो बहुधा सोबत नशा करणारा मित्र, आणि तोच सर्वांत आधी पळतो. त्याला क्रूर म्हणणे सोपे आहे. पण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कलम २७ नुसार हेरॉइनचे नुसते सेवन हाही गुन्हा आहे आणि त्यासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मित्र दगावला, तर पुडी कोणी आणली, सुई कोणी टोचली, हे प्रश्न आपल्यावर येतील हे त्याला पक्के ठाऊक असते. २०२२ मध्ये देशभरात या कायद्याखाली एक लाख पंधरा हजारांहून अधिक गुन्हे नोंदवले गेले आणि त्यांत स्वतःच्या सेवनासाठी पदार्थ बाळगल्याच्या गुन्ह्यांचा वाटा मोठा होता. म्हणजे त्याची भीती निराधार नाही.

स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देणारे कलम ६४-अ याच कायद्यात आहे. पण ते उपचारार्थींसाठी आहे. मरणाऱ्या मित्रासाठी १०८ क्रमांकावर फोन करणाऱ्याला त्याचा आधार मिळत नाही. रस्त्यावरील अपघाताबाबत मात्र आपण हे कोडे सोडवले आहे. जखमींना इस्पितळात नेणाऱ्यांना पोलिसांचा ससेमिरा लागतो म्हणून लोक मदत टाळतात, हे ओळखून सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अशा मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचे बळ दिले आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ घालून संसदेने ते संरक्षण पक्के केले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याकडे तीव्र तणावाखालील व्यक्ती म्हणून पाहण्याचा दंडक घालून दिला. जो न्याय रस्त्यावर पडलेल्या माणसाला आणि निराशेने घेरलेल्या माणसाला मिळतो, तो नशेत श्वास हरवलेल्या माणसाला का मिळू नये? अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्याने २००७ मध्ये अतिमात्रेच्या वेळी मदत मागणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा केला. त्यानंतर बहुतेक राज्यांनी तोच मार्ग धरला.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, की उतारा हाताशी आणि पोलिसांची भीती नाही, असे झाले तर नशेला मोकळे रानच मिळेल. हा आक्षेप प्रामाणिक आहे; पण नॅलॉक्सोनने जिवंत झालेला माणूस काय भोगतो, हे ज्याने पाहिले आहे तो तो घेणार नाही. नशा एका क्षणात उतरते आणि थरथर, उलट्या, अंग पिळवटणाऱ्या वेदना सुरू होतात. त्या आशेवर कोणी सुई उचलत नाही. शिवाय संरक्षण मागितले जात आहे ते सेवनापुरते आणि मदत मागण्याच्या त्या प्रसंगापुरते; विक्रेत्याला त्यातून सूट देण्याचे कारण नाही. दुसरीकडे, केवळ पुरवठा तोडण्याच्या मोहिमांनाही एक किंमत असते. पंजाब सरकारने मार्च २०२५ पासून ‘युद्ध नशेआं विरुद्ध’ मोहीम उघडली आहे. नेहमीचा विक्रेता पकडला गेला, की व्यसनी अनोळखी विक्रेत्याकडे आणि अनोळखी पुडीकडे वळतो. त्यामुळे धाडी वाढवताना त्याच गावात, त्याच आठवड्यात गोळी आणि उतारा वाढवला नाही, तर मोहिमेच्या यशाचाच काही भाग स्मशानात मोजावा लागेल.

करण्याजोग्या गोष्टी थोड्या आणि नेमक्या आहेत. तरुण व्यक्तीच्या अकस्मात मृत्यूत विषतपासणीचा अहवाल ठरावीक मुदतीत मिळावा आणि मिझोरमप्रमाणे प्रत्येक राज्याने अतिमात्रेच्या मृत्यूंची वार्षिक गणती, मृताचे नाव उघड न करता, प्रसिद्ध करावी. १०८ च्या प्रत्येक रुग्णवाहिकेत, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ब्युप्रेनॉर्फिन देणाऱ्या प्रत्येक केंद्रात नॅलॉक्सोन असावे. बाधित जिल्ह्यांत ते आशा सेविकांना आणि कुटुंबांना प्रशिक्षणासह दिले जावे. तुरुंगातून किंवा केंद्रातून बाहेर पडणाऱ्याच्या हाती सुटकेच्या कागदाबरोबर उताऱ्याची शिशी आणि जवळच्या उपचार केंद्राचा पत्ता द्यावा. आणि कलम ६४-अ मध्ये एका वाक्याची भर घालून, जीव वाचवण्यासाठी मदत मागणारा आणि ज्याच्यासाठी ती मागितली गेली तो, या दोघांनाही सेवनाच्या गुन्ह्यापासून मुक्त ठेवावे. यांतील एकाही गोष्टीसाठी नवे मंत्रालय किंवा नवा आयोग लागत नाही.

अमली पदार्थांविरुद्धची लढाई दीर्घ आहे आणि ती आपण जिंकू की नाही, हे आज कोणी सांगू शकत नाही. मात्र व्यसनातून बाहेर येण्यासाठी आधी जिवंत राहावे लागते, आणि अनेकांना त्यासाठी एकाहून अधिक संधी लागतात. त्या खोलीतल्या आईला शेजारून येणाऱ्या आवाजाचा अर्थ ठाऊक असेल, मुलाला तोंडाने श्वास देणे आणि मग कुशीवर वळवणे तिला शिकवलेले असेल, फडताळात एक शिशी असेल आणि फोन उचलताना तिचा हात भीतीने थबकणार नसेल, तर सकाळचा चहा तो मुलगा पिऊ शकेल. त्यानंतरचे सारे प्रश्न अवघडच आहेत. ते विचारायला तो असला पाहिजे.